वाढत्या अंगाचे बूट

वेस्ट मांबलम, चेन्नई
रविवार, सकाळ

ती. स्व. विद्याधरमामा यांस,

विश्वजितचा साष्टांग नमस्कार. हा साष्टांग या खेपेला अगदी खरा आहे, कारण उजवा घोटा मुरगळल्यामुळे मी आठ दिवस पालथा पडून आहे आणि हे पत्र छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला एकट्याने जिना उतरू देतात का, की अजून पहारा आहे? आई ठीक आहे. बाबाही ठीक आहेत, असं आईकडून कळतं. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी आईमार्फतच बोलतात. आम्ही तिघे एकाच टेबलाशी जेवत असलो तरी "त्याला सांग, पंखा कमी कर" हा निरोप आईकडूनच येतो आणि "त्यांना सांग, केला" हे उत्तरही तिच्याकडूनच जातं. एग्मोरच्या ऑफिसात बाबांच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, पण एवढ्या शिस्तीत तिथली फाईलसुद्धा फिरत नसेल.

तुम्ही आठ दिवस माझा फोन उचलत नाही, हे योग्यच आहे. तुम्ही तुमच्या मित्रापाशी शब्द टाकलात, त्यांनी ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात माझी मुलाखत ठरवली आणि मी मुलाखत न देताच निघून आलो. तुमच्या मित्राने तुम्हाला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि ते सगळं खरं आहे. पण का, हे त्यांना माहीत नाही. ते कळायला तुम्हाला फुटबॉलचा आख्खा सीझन ऐकावा लागेल. तुम्ही स्वतः कोल्हापुरात पेठेच्या टीममधून खेळलेले (मामी म्हणतात राखीव होता, मी मामींवर विश्वास ठेवत नाही), म्हणून तुम्हीच तो समजून घ्याल.

जून महिन्यात मला आमच्या मागच्या गल्लीतल्या प्राथमिक शाळेत फुटबॉल शिकवायचं काम मिळालं. टीम दहा वर्षांखालची, एका बाजूला सात खेळाडू, सीझनमध्ये सात मॅच. हेडमिस्ट्रेस सीतालक्ष्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गेली दोन वर्षं टीमने एकही मॅच जिंकलेली नाही. यंदाही तसंच झालं तर टीम बंद, आणि खेळाच्या तासाला मुलं अबॅकस करतील. मामा, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, एक काय, साती जिंकून दाखवतो. (रागात मी नेहमी मोठा आकडा बोलतो. तिसऱ्या वर्षाला असताना विभागप्रमुखांनी माझं जर्नल कॉपी केलेलं आहे असं म्हटलं. त्या एका वेळी ते नव्हतं. तेव्हाही मी ते त्यांच्यासमोर फाडून, असली दहा कॉलेजं मिळतील, असं म्हणालो होतो. अजून एकही मिळालेलं नाही.)

त्या वेळी मॅडमच्या मागे रजिस्टर घेऊन चौथीच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या. त्यांचं नाव हेमलता. त्या टीमचा स्कोअर लिहितात आणि आयोडीनची बाटली सांभाळतात. तंजावूरकडचं जुनं मराठी घराणं आहे, साडेतीनशे वर्षं इकडे आहेत. त्यांची मराठी ऐकताना एखादा ताम्रपट आपल्याशी प्रेमाने बोलतोय असं वाटतं. त्या दिवशी "सातही म्हणजे पुष्कळ होतें हो, सर, एक जिंकणें" एवढंच त्या म्हणाल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईला वाटलं पोट बिघडलं. यापुढे या विषयावर मी लिहिणार नाही.

आता बुटांचं. शाळेने दहा जोड घ्यायला सांगितलं आणि माप विचारलं. मला तुमचीच शिकवण आठवली: पोरांच्या वस्तू नेहमी वाढत्या अंगाच्या घ्याव्यात. तुम्ही मला पाचवीत घेतलेला स्वेटर मला बारावीत बरोबर बसला होता. म्हणून मी प्रत्येकाचे बूट दोन नंबर मोठे मागवले. पुढे कागद कोंबला आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झालो. पहिली मॅच आम्ही नऊ-शून्य हरलो. दुसऱ्या मॅचमध्ये नित्याने (ही टीममधली एकटी मुलगी, आणि एकटीच खरी खेळाडू) अशी किक मारली की बॉल जागेवर राहिला आणि बूट गोलात गेला. तोही गोल धरावा, असं मी रेफ्रींना समजावून सांगायला गेलो. समजावताना माझा आवाज जरा चढला. त्यांनी मला मैदानाबाहेर काढलं आणि उरलेला वेळ मी भिंतीपलीकडून, शहाळेवाल्याच्या गाडीवर उभं राहून सूचना दिल्या. ती मॅच सात-शून्य. शहाळेवाला माझ्यापेक्षा बऱ्या सूचना देत होता.

तिसऱ्या मॅचला हाफटाइमलाच आम्ही सहा गोल मागे होतो. आमचा गोलकीपर श्रीहरी, हेमलतांच्या भावाचा मुलगा, नऊ वर्षांचा, याने ग्लोव्हज काढून माझ्या हातात दिले आणि मी घरी जातो म्हणाला. मामा, मी त्या दिवशी जे भाषण केलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. हरणारा लहान नसतो, अर्ध्यावर मैदान सोडणारा लहान असतो. शिट्टी वाजेपर्यंत जो उभा राहतो तोच खेळाडू, वगैरे. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. श्रीहरीने ग्लोव्हज घातले आणि आणखी पाच गोल खाल्ले, पण उभा राहिला. त्या दिवशी हेमलतांनी आपल्या पिशवीतला थर्मास काढून मला कॉफी दिली. (हे विषयाला धरून आहे.) चौथी आणि पाचवी मॅचही हरलो. आकडे लिहीत नाही, तुमचं ब्लडप्रेशर आहे.

सहावी मॅच आमच्या मैदानावर होती आणि तारीख मी निवडायची होती. मी आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा, दिवस निवडला. सुट्टी आहे, मैदान मोकळं, पालकही येतील, असा हिशेब. आदल्या दिवशी हेमलता म्हणाल्या की त्यांच्या घरी मोठी पूजा असते, वाटल्यास टीमचा बॉल आणून ठेवा. बॉल? मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बॉल, दहाही जोड बूट, ग्लोव्हज, हवा भरायचा पंप आणि माझी शिट्टी घेऊन हजर झालो. त्यांचे वडील राणोजीराव आवडी या गावच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. मिश्या अशा की बघताच आपण कोणती तरी चूक केली आहे असं वाटावं. घरात पाटावर पूर्वजांची गंजकी तलवार, शेजारी त्यांचा पाना, मिक्सर, श्रीहरीची पाठ्यपुस्तकं, सगळं गंध लावून मांडलेलं. बुटांपाशी मात्र ते अडले. पायातली वस्तू देवापुढे कशी? अर्धा तास विचार करून त्यांनी निवाडा दिला: चप्पल पायतळी असते, पण हे बूट लेकरांचं लढण्याचं साधन, म्हणून आयुध; परंतु जागा ओसरीवर, केळीच्या पानावर. वीस बूट नीट ओळीत मांडून त्यांनी प्रत्येकाला गंधाचा ठिपका लावला. मी भारावून गेलो.

दुपारी तीन वाजता मी सामान उचलायला गेलो. आता मामा, तुमच्या घरची खंडेनवमी आठवा. तुम्ही स्कूटरला हार घालता, नारळ फोडता आणि त्याच स्कूटरवरून, हार उडत असताना, जिलेबी आणायला जाता. मला वाटलं, जगात असंच असतं. मी पहिल्या बुटाला हात लावला आणि राणोजीराव खुर्चीतून उठले. "पूजेंत ठेविलेलें आयुध आज काढूं नये. उद्या सकाळी पुनःपूजा होतें, मग घेऊन जाणें." मी म्हणालो, अर्ध्या तासात मॅच आहे. ते म्हणाले, तलवार ठेविली तें दिवशीं युद्ध असलें तरी काढीत नव्हते. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मला तीन उत्तरं सुचली होती आणि तिन्ही चांगली होती. पण दारात हेमलता उभ्या होत्या. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा. तारखेची नोंद मी ठेवली आहे.

मैदानावर गेलो तर पाहुणी टीमही अनवाणी! त्यांचेही बूट पूजेत. त्यांचे सर म्हणाले, या दिवशी मॅच ठेवलीत तेव्हा मला वाटलं, सामानाची तुमची काही सोय असेल. रेफ्रींची शिट्टीसुद्धा पूजेत होती. ते तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत होते. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातून लाल रबरी बॉल आणला आणि मॅच सुरू झाली. आणि मामा, आमची पोरं पळायला लागली! चार महिने जी पोरं बदकांसारखी फताडी पावलं टाकत होती ती हरणांसारखी पळाली. नित्याने एकटीने चार पोरं अडवली. मॅच शून्य-शून्य सुटली. सीझनमधला पहिला गुण! पालक नाचत होते. मी मात्र खाली बसलो, कारण त्या क्षणी मला कळलं की पाच मॅच पोरं हरली नव्हती. मी हरलो होतो, दोन-दोन नंबरांनी. (तुमच्यावर मी काही ढकलत नाही. स्वेटरला तुमचा नियम अजूनही लागू आहे.)

शेवटची मॅच मुलाखतीच्याच दिवशी दुपारी साडेतीनला होती. ती जिंकली नाही तर टीम बंद. मुलाखत सकाळी अकराला, म्हणून मी म्हटलं दोन्ही जमेल. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून ओरगडमला पोचलो. एक वाजेपर्यंत बाकावर बसलो. मग एक गृहस्थ येऊन म्हणाले, उरलेले जेवणानंतर. मी घड्याळ बघितलं. मला फक्त केळीच्या पानावरचे ते वीस बूट दिसत होते. मी उठलो आणि परत निघालो. बस्स, एवढंच झालं. मी कोणाशी भांडलो नाही, दार आपटलं नाही. चौकशी करा.

मी पोचलो तेव्हा दुसरा हाफ सुरू होत होता आणि शून्य-शून्य होतं. पोरांच्या पायात शाळेचे साधे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, प्रत्येकाच्या मापाचे. हेमलता आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरून आयांना सांगून आल्या होत्या. शेवटची तीन मिनिटं राहिली असताना नित्याने डावीकडून बॉल मारला आणि बॉल जाळ्यात! एक-शून्य! मी इस्त्रीच्या शर्टासकट मैदानात धावलो, एका खड्ड्यात पाय गेला, आणि घोट्याचं तुम्हाला माहीतच आहे. सीतालक्ष्मी मॅडम टाळ्या वाजवत होत्या. टीम राहिली, मामा. अबॅकस टळलं.

संध्याकाळी राणोजीरावांनी सगळ्या टीमला ओसरीवर पायसम दिलं. माझा पाय स्टुलावर. ते मला सांगत होते की तुम्ही मुलांना चांगलें शिकविलें. मी नम्रतेचा अभिनय करत होतो. तेवढ्यात श्रीहरी, हातात वाटी, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने सहज विचारलं, "सर, तुम्ही कॉलेज हाफटाइमलाच सोडलं ना?"

हा भांडायला आला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. पण त्याला खरंच माहिती हवी होती. मी हेमलतांकडे बघितलं, सुटका होईल म्हणून. त्या पायसम वाढतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेकरानें विचारलें, उत्तर देणें की, सर."

मी दिलं नाही. पायसम गरम होतं, असं दाखवलं.

असो. तुमच्या मित्राची मी वेगळं पत्र लिहून क्षमा मागतो. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा, तुमच्या नियमाने वाढलेला,
विश्वजित

ता. क. : वर मी नित्याने गोल मारला असं लिहिलं आहे. नित्याचा बॉल खरं तर बाहेरच चालला होता. समोरच्या टीमचा एक पोरगा गोलासमोर वाकून बुटाची नाडी बांधत होता, त्याच्या पाठीवर आपटून तो आत गेला. त्याचे बूट मोठे होते. मी बघितलं, दोन नंबर तरी. त्याच्या सरांना जाऊन सांगितलं आहे.

ता. क. २ : कॉलेजात चौकशी केली. तिसऱ्या वर्षाला परत बसता येईल, पण विभागप्रमुखांना लेखी माफीपत्र द्यावं लागेल. मुदत येत्या शुक्रवारपर्यंत. श्रीहरीला मी सांगून टाकलं आहे की हाफटाइम जरा लांबला, एवढंच. तो म्हणाला, मग ठीक. बाबांना अजून काही बोललो नाही; पण काल आईकडून निरोप आला, "त्याला विचार, घोटा कसा आहे."

ता. क. ३ : तेव्हा मुद्द्याचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. माफीपत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या ओळीत छान माफी मागतो, तिसऱ्या ओळीपर्यंत परत भांडण सुरू होतं. चौथं हेमलतांना दाखवलं; त्यांनी चौथीचे निबंध तपासतात तसं लाल शाईने "पुन्हा लिही" असा शेरा मारून परत दिलं. तुम्ही बँकेत तीस वर्षं रागावलेल्या लोकांना गोड इंग्रजीत पत्रं लिहिलीत. कृपा करून एक कच्चा मसुदा बुधवारपर्यंत पाठवा, मी स्वच्छ अक्षरात उतरवून सही करतो. फक्त त्यात "हाऊएव्हर" हा शब्द कुठेही घालू नका. तो आला की पुढे मला आवरत नाही.