बाबांचे हात काऊन हालतात

मुधोळ, तुळशीच्या लग्नानंतरचा बुधवार, १९५६

चि. सौ. सुभद्रास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथं बरं-वाईट दोनी हाये, तुमचं समदं बरं असू दे.

नातू झाल्याचं कळल्यापासून मी गल्लीत उगाच हिंडून राह्यले. ज्याले त्याले गूळ देते. शेजारच्या मालनबाईले दोनदा दिला, तिनं दोनदा खाल्ला. पोराचं नाक आपल्याकडलं हाये का त्या तुझ्या सासरच्या खाणवाल्यायचं, ते लिही. जावईबापूले हे दाखवू नको. अन् आता तुले न येण्याची सबब नाही. सरकारनं आपलं मुधोळ नांदेडातून काढून तुमच्या अदिलाबादेत, आंध्रात टाकलं. लोक रडून राह्यले, मी हासते. मायलेकी एका जिल्ह्यात आल्या!

बाबांचं लिहिते. पोटातलं पाणी नांदेडच्या दवाखान्यात सुईनं काढलं, घरी येऊन पुन्हा भरलं. पाय सुजले, दंड काड्यावाणी झाले. डाक्टर म्हणला, लिवर दगडावाणी झालं, ते काही पहिल्यासारखं होत नाही. दारू सोडली म्हणून थोडे दिवस मिळाले, एवढंच. मीठ बंद हाये. त्यायच्या संगं मी बी अळणी खाते अन् समद्या गावावर चिडते. नातवाले मांडीवर घ्यायचं, एवढं एकच म्हणतात. घेऊन ये.

बाळाची दृष्ट काढत जा. आईवरची माया आटू देऊ नको.
तुझी आई, देवकाबाई


बेल्लमपल्ली, २८-११-५६

ती. आईस सुभद्राचा शि. सा. न. वि. वि.

बाळ खुशाल हाये. नाक तुझंच आलं. सासूबाई म्हणतात, आवाज बी तुझाच.

मी येत नाही. भगवानकाका पोराच्या नोकरीसाठी इकडं आले होते. सासूबाईसमोर सांगून गेले, का बाबांचे हात थरथरतात, म्हणून काकांनी वाटीभर मोहाची पाजली, तवा कुठं निजले. म्हणजे पुन्हा सुरू! अन् तू मले लिहिते, सोडली म्हणून. माझ्या लग्नात कन्यादानाच्या वक्ताले बाबा पिऊन गोठ्यात पडले होते. हातावर पाणी काकांनी सोडलं. त्या मांडीवर मी माझं लेकरू ठेवणार नाही.

तू अळणी खाऊन वाळू नको. लेकीवर रागावली तरी पत्र टाकत जा.
सुभद्रा


मुधोळ, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

सुभद्रे, आशीर्वाद. आज मायना एवढाच, माझं डोस्कं तापलं हाये.

तुझ्या बाबांनी मागच्या पोळ्यापासून थेंब घेतला नाही. पाजली ती भगवानरावानं. सोडलेल्याचे हात हालले का थोडी द्यावी, मंग थांबतात, असं आपल्या भावकीत समद्यायले वाटते. तुले पत्र टाकून मी महादेवाले गेले अन् ह्यानं वाटी त्यायच्या तोंडाले लावली. बाबा गिरदावर होते, गावोगाव तलाठ्यायचे कागद तपासत फिरत, तवा दौऱ्यावर ह्यानंच प्यायले शिकवलं, आता दवा घेऊन आला! अन् ते निजले नव्हते बाई, बेसुद झाले होते. दुसऱ्या दिशी रक्त ओकले. नांदेडले नेलं तं डाक्टर माझ्यावरच ओरडला.

हात दारूसाठी हालत नाहीत. लिवरनं जे जहर गाळायचं ते गळत नाही, ते डोस्क्यात चढते. म्हणून हात पुढं धरले का मनगटातून पाखराच्या पंखावाणी खाली पडतात. दिवसा झोपतात, रातभर जागतात. डोळे हळदीवाणी. मले कचेरीतला चपराशी समजून कागदायची मिसल हाजिर कर म्हणतात, मी ताक हाजिर करते. घटकेत ओळखतात, घटकेत नाही. डाक्टर म्हणला, आता महिन्यायची गोष्ट करू नका. पुढं नुसती झोप येईल.

भगवानराव तुझ्याकडून परतला तो पुन्हा वाटी घेऊनच. समद्या भावकीदेखत वाटी उकिरड्यात फेकली मी. आता भावकी बोलत नाही. बरं झालं, ओट्यावर बसायले जागा झाली.

मांडीवर नको ठेवू. कन्यादानाचा राग मले नाही का? माझा राग तं तुझ्याहून जुना हाये. पण इथं येऊन त्यायच्या तोंडावर राग कर. कोण रागावलं हे त्यायले कळते, तवरच. मंग कोणावर करशील?

येते का नाही, तेवढंच लिही. नातवाले पापा.
आई


बेल्लमपल्ली, १०-१२-५६

ती. आईस शि. सा. न.

शुक्रवारी बासरच्या ठेसनावर उतरतो. बैलगाडीत गवत जास्त टाकून पाठव, लेकराले धक्का बसू नये. सासूबाई नको म्हणत होत्या, ह्यांनी गुपचूप तिकिटं काढली. भगवानकाका मले आपल्या दारात दिसू नये.

मी रागातच येऊन राह्यले. बाबायले तसं सांगून ठेव. शुद्धीत असतील तवा पहिले मीच बोलणार, अन् समदं बोलणार. तू मधात पडू नको. मंग लेकरू त्यायच्या मांडीवर ठेवीन. रडलं तरी उचलणार नाही.

सुभद्रा