डाव्या टोकाची खुर्ची

लिंडाल, मिनेसोटा
१४ जुलै १९९६

चि. हार्लन यास लव्हॉनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ॲरिझोनात पारा एकशे बारावर गेला म्हणतोस आणि वर गुडघ्यांना तीच हवा मानवते असंही लिहितोस. गुडघे बरे झाले आणि बाकीचा हार्लन भाजून निघाला, असं नको व्हायला. टोपी घालत जा.

गेल्या डिसेंबरचं फुटबॉलचं अजिंक्यपद इथे अजून कुणाच्या अंगातून उतरलेलं नाही. न्हाव्याकडे जा, चर्चमधल्या कॉफीला जा, एकच विषय: आपलं कॉलेज यंदा पुन्हा तेराच्या तेरा सामने जिंकणार का? दाणागोदामातल्या मंडळींनी तर मिरवणुकीला ट्रॅक्टर कुणाचा, तेही ठरवून टाकलंय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

चेंडू फेकणारा डॅरिन आहे, पळणारे दोघेही आहेत. पण त्यांच्यापुढे पाच जणांची जी भिंत उभी राहते, तिच्यातले तिघे पदवी घेऊन गेले. भिंत पडली की फेकणारा आडवा, हे तूच तीस वर्षं त्या पोरांना शिकवत होतास आणि जेवताना मला ऐकवत होतास. मी त्यांना दर गुरुवारी जेवू घालायला लागले त्याला आता बावीस वर्षं झाली. माझा नियमही तेवढाच जुना: पहिले पाच मोठ्या टेबलाशी, मैदानात उभे राहतात त्याच क्रमाने, आणि बाकीचे मागच्या पडवीत. आपला गुन्नार माझा सख्खा नातू, राहतो माझ्याच घरात, पण तीन वर्षं पडवीतच जेवला. मी कधी डोळेझाक केली नाही. आता डाव्या टोकाची खुर्ची रिकामी झालीय आणि पोराचं हे शेवटचं वर्ष आहे.

पण जानेवारीत लुइझियानाहून लामार ब्रुसार नावाचा एक मुलगा आलाय. मोठ्या विद्यापीठात त्याला खेळवत नव्हते म्हणून इकडे आला. दारातून तिरका होऊन आत येतो, खातो मात्र चिमणीएवढं, आणि दर वाक्याला मला बाईसाहेब म्हणतो. मुलगा वाईट नाही. पण काल आला आणि आज खुर्चीवर बसला, हे मला पटणार नाही.

कोच हॅगन तुझ्याच हाताखाली तयार झालेला. एप्रिलच्या सरावाची कॅसेट त्याने तुला पाठवल्याचं कळलं. त्याला एक ओळ लिही, की आता गुन्नारची पाळी आहे. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

लोभ आहेच, तो त्या एका ओळीतून दिसू दे.

तुझी,
लव्हॉनताई

युमा, ॲरिझोना
२४ जुलै १९९६

ती. लव्हॉनताईस हार्लनचा सा. न. वि. वि.

टोपी घेतली. तीत मी कोंबड्या चोरायला निघाल्यासारखा दिसतो, असं शेजारीण म्हणाली.

कॅसेट पाहिली. एकदा नाही, नऊ वेळा. ताई, तीस वर्षांत मी पुष्कळ संघ पाहिले, पण एप्रिल महिन्यात एवढा तयार संघ पाहिला नव्हता. भिंतीतला मधला कोल्बी चेंडू मागे देतो तो इतका शांतपणे, की जणू शेजाऱ्याला मीठ देतोय. डॅरिनला घाईच नाही. पळणारा धाकटा पोरगा तर फटीतून असा निसटतो की पकडणारे एकमेकांनाच मिठ्या मारून बसतात. मी एकटाच मोठमोठ्याने हसलो. हॅगनने त्यांना शिस्त लावलीय, तरी त्यांच्या खेळातली मजा मारलेली नाही. ते मला कधी जमलं नव्हतं. भिंत नवी आहे, पण महिनाभरात जमेल. वर्तमानपत्रवाले त्यांना पहिला क्रमांक देतील आणि या खेपेला ते बरोबर असतील.

तू गुन्नारचं विचारलंस. त्याच्यासारखं डोकं सबंध मैदानात नाही. समोरचा कुठून घुसणार ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. तो बाजूला उभा असतो तेव्हाही त्याचे ओठ हलत असतात, आत खेळणाऱ्याला सांगत असतो. लामार त्याचं ऐकतो, हेही दिसलं. असा मुलगा संघात असणं हे हॅगनचं भाग्य आहे.

इथे लिंबं स्वस्त झालीत. उन्हामुळे हात चालत नाही, म्हणून इथेच थांबतो.

मायेत अंतर पडू देऊ नकोस, पुढे काहीही झालं तरी.

तुझा धाकटा,
हार्लन

लिंडाल
२० ऑगस्ट १९९६

हार्लन यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिले नाहीत.

काल नावांची यादी लागली. डाव्या टोकाला लामार ब्रुसार. त्याच्याखाली बारीक अक्षरात गुन्नार. संध्याकाळी हॅगन स्वतः माझ्या दारात आला, टोपी हातात धरून. निर्णय माझाच आहे, म्हणाला. मी त्याला सरळ विचारलं, हार्लनने काही लिहिलं होतं का? तो खोटं बोलणारा माणूस नाही, हे तुझं दुर्दैव. म्हणाला, मीच त्यांचं मत मागितलं होतं आणि त्यांनाही लामारच दिसला.

अरे, मी तुला एक ओळ लिही म्हटलं ती ही? गळा कापायचा होता तर निदान सांगून कापायचास! मला मात्र डोकं चांगलं, ओठ हलतात, लिंबं स्वस्त! लिंबांचा भाव कुणी विचारला होता तुला? आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझं शाळेत जाणं, तुझं जेवण, तुझ्या सदऱ्याचे फाटके कोपर, सगळं मी पाहिलं. त्याची ही परतफेड केलीस माझ्या नातवावर?

आणि पोरगा? घरी आला, शिट्टी वाजवत गाडी धुतली. मला फसवतो की काय! सकाळी त्याच्या उशीचा अभ्रा बदलायला गेले, तर त्याने तो आधीच धुवून वाळत घातला होता.

परवा गुरुवार. मोसमातलं पहिलं जेवण. त्याला मी माझ्या हाताने पडवीत पाठवू? मी नियम केला तेव्हा मूर्ख होते. मी टेबलाला सहावी खुर्ची लावणार आहे, आणि कुणाला काय म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हणा.

लोभाचं नंतर बघू.

लव्हॉन

लिंडाल
२३ ऑगस्ट १९९६

ती. हार्लन आजोबांस गुन्नारचा सा. न. वि. वि.

आजीने तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण पाकिटावर तिकीट ज्या ठोशाने चिकटवलं त्यावरून अंदाज आला.

आधी कालच्या जेवणाचं सांगतो. आजीने खरंच सहावी खुर्ची लावली, माझ्या नावाची चिठ्ठी ठेवून. पोरं आली आणि दारातच थबकली. कुणी बसेना. मी खुर्ची उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. आजी म्हणाली, नियम माझा आहे, मी मोडीन नाही तर जाळीन. मी म्हटलं, आजी, मोड की, पण मग मी तीन वर्षं पडवीत जेवलो ते फुकटच गेलं. त्यावर तिने भांड्याचं झाकण जोरात आपटलं.

लामार डाव्या टोकाच्या खुर्चीची पाठ धरून उभाच. बाईसाहेब सांगतील तेव्हा बसेन, म्हणाला. आजीने त्याला चांगली पाच मिनिटं उभं ठेवलं. सगळ्यांचं वाढून झालं, पाव फिरवून झाला, तरी तो उभाच. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी ती म्हणाली, बस बाबा, गार होतंय. आणि मग त्याला वाढायला लागली ती थांबेचना. खिमा-बटाट्याची हॉटडिश चार वेळा, वर आंबट रूबार्बचा केक दोनदा. शिक्षा देते की लाड करते, कळायला मार्ग नव्हता. त्याने सगळं संपवलं आणि ताट धुवायला गेला. आजीने ओल्या फडक्याने त्याला स्वयंपाकघरातून हुसकून लावलं. म्हणजे जमलं, असं आम्ही धरलंय.

आता मुख्य गोष्ट. हे आजीला सांगायचं नाही.

एप्रिलचा सराव संपला त्या दिवशी मी स्वतःच कोच हॅगनकडे गेलो होतो. म्हटलं, माझं बाहेरचं पाऊल अर्धा क्षण उशिरा पडतं, आणि तेवढ्यात डॅरिन तीनदा आडवा झालाय. लामार उभा असतो तेव्हा एकदाही होत नाही. त्याला पहिला ठेवा, मी त्याच्या कानाशी राहीन. कोच म्हणाले, एवढं औदार्य बरं नव्हे, एक रात्र विचार कर. मी म्हटलं, औदार्य नाही, मला पुन्हा अजिंक्यपद पाहिजे. तेव्हा ते म्हणाले, ज्याच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे त्याला कॅसेट पाठवतो. ते तुम्हीच असणार, हे मला ठाऊक होतं.

आजोबा, खरं सांगू? मी मोठ्या तोंडाने सांगून तर आलो, पण चार महिने रोज वाटायचं, तुम्ही लिहाल की पोरगं चुकतंय, त्याचं पाऊल बरोबर आहे. तुम्ही तसं लिहिलं नाहीत. यादी लागली त्या दिवशी रडलो. आता बरा आहे. काल लामारला एका इशाऱ्याचा अर्थ सांगितला आणि आज त्याने तो सगळ्यांच्या आधी ओळखला, तेव्हा मी जागेवर उडीच मारली.

आजीला वाटतं मला ढकललं. मी आपणहून उठलो हे कळलं तर ती रागावणार नाही, झुरेल, आणि झुरणं तिला सोसत नाही. राग मात्र तिला मानवतो. तुमच्यावर चिडल्यापासून ती दोन जिने एका दमात चढते. तेवढा राग तुम्ही थोडे दिवस सोसाल का? मागणं निर्लज्जपणाचं आहे, पण घरातलंच माणूस आहात.

लहानावर ठेवता तशी माया राहू द्या.

तुमचा,
गुन्नार

युमा
२८ ऑगस्ट १९९६

ती. लव्हॉनताईस हार्लनचा शि. सा. न. वि. वि.

होय, ताई. हॅगनला मीच लिहिलं. दोन ओळी लिहिल्या आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तुला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, कारण तुझी भीती वाटली. अडुसष्ट वर्षांचा झालो तरी वाटते. लिंबांचं लिहिलं त्याची तर आता मलाच लाज वाटते.

तेव्हा रागाव. मनसोक्त रागाव. फक्त हॅगनवर नको आणि त्या लामारवर तर मुळीच नको. सगळा माझ्याच नावावर टाक. तू मला नऊ वर्षांपासून वाढवलंस, त्यामुळे तुझा राग पचवायची सवय माझ्याएवढी कुणाला नाही. पाच तारखेच्या बसने येतोय. शनिवारी पहिला सामना तुझ्या शेजारी बसून पाहीन. बोलायचं नसेल तर नको बोलूस, घोंगडी मात्र अर्धी दे.

संघाचं म्हणशील, तर जुलैत मी तयार म्हणालो होतो. आता म्हणतो, जिंकतील. तेराच्या तेरा जिंकतील की एखादा हातचा जाईल, ते देव जाणे, पण डिसेंबरात शेवटच्या मैदानावर हीच पोरं असतील. मी चार अजिंक्य संघ घडवले आणि कधी कुणाचा हेवा केला नाही. या वर्षी मात्र हॅगनचा हेवा वाटतो. जुलै ते ऑगस्टात असं काय झालं, ते मला विचारू नकोस.

गुन्नारला सांग, त्याचं पत्र पोचलं. काय लिहिलं होतं म्हणशील, तर विशेष काही नाही, हवापाण्याचं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या नातवाचं अक्षर फार सुंदर आहे, ताई.

राग ठेव, पण त्याच्या शेजारी थोडा लोभही ठेव.

तुझाच,
हार्लन