पेला पुढे देताना

शरणपूर, नाशिक
झावळ्यांच्या रविवारानंतरचा सोमवार

प्रिय पप्पा,

येशूच्या नावात सलाम. भांडण असलं तरी पत्राची सुरुवात सलामाने करायची, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून लिहिला. फार मनापासून लिहिला असं समजू नका. फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुमचं 'बोल सरू' ऐकलं की मी चिडते, आणि मी चिडले की तुम्ही 'बरं बाळा' म्हणून फोन ठेवून देता. तुम्ही मनमाडला जाऊन राहिलात त्याला तीन महिने झाले, आपलं एवढंच चाललंय. पत्रात तुम्हाला मध्येच 'बरं बाळा' म्हणता येणार नाही.

आधी घरचं सांगते. सृष्टीची बारावी संपली. पेपर बरे गेले म्हणते, खरं-खोटं निकालाला कळेल. आता दिवसभर लोळते, तेही तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगावर, स्वतःचा पलंग असताना. मध्ये मंडळीतल्या बयाबाईंच्या मुलाने सायखेड्याहून काळ्या द्राक्षांचे क्रेट आणून दिले. वर्षभराचा रस यंदा मी एकटीने केला. द्राक्षं धुतली, देठ काढले, कुस्करली, उकळली, मलमलच्या फडक्यातून गाळली आणि बाटल्या भरल्या. सगळं झाल्यावर सवयीने बशीत थोडा रस घेऊन तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मम्मी गेल्यापासून रस करणं माझं काम आणि चव बघणं तुमचं. दारात उभी राहिल्यावर आठवलं, आणि मग बशी मोरीत ओतून दिली.

गंमत बघा, सगळ्या मंडळीच्या प्रभुभोजनाचा रस माझ्या हातचा, आणि जानेवारीपासून मी त्या पेल्याला ओठ लावलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उठून वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जातात आणि मी बाकावर बसून राहते. मनात कोणाबद्दल अढी असेल तर आधी ती मिटवावी, मग भोजनाला यावं, हे तुम्ही मला दृढीकरणाच्या वर्गात शिकवलंत. बाकीच्या चर्चमध्ये आता प्रत्येकाला वेगळे छोटे पेले आले. तुम्ही पाळक असताना हट्टाने एकच पेला ठेवलात, शेजाऱ्याने घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. म्हणायचात, कोणाचं कोणाशी बिनसलंय ते पेला पुढे देताना कळतं. कळलं की सगळ्या मंडळीला. परवा बयाबाईंनी चर्चच्या पायऱ्यांवर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लेकी, लय दिस झालं, आता नाय रुसायचं. म्हातारा बाप हाय."

रुसणं म्हणे! साडी घेतली नाही म्हणून रुसतात. माझा नवरा गेला तेव्हा सृष्टी बालवाडीत होती. मनमाडला वायरिंगचं काम लागलंय, आठवड्यात येतो, असं सांगून दीपक बॅग घेऊन निघाला. तिथे त्याचं दुसरं घर आहे आणि त्या घरात दुसरी बाई आहे, हे सगळ्या मंडळीला कळून झाल्यावर मला कळलं. त्याने चर्चमध्ये बसवलेला पंखा नेमका माझ्याच बाकावर फिरत होता, अजून फिरतो. तेव्हा तुम्ही उपदेश करता करता माझ्याकडे बघायचात आणि मला वाटायचं, काही होवो, माझे पप्पा माझ्या बाजूने आहेत. बारा-तेरा वर्षं त्या एकाच गोष्टीच्या आधाराने मी उभी होते. दर रविवारी तुम्ही 'जे बाहेर आहेत त्यांच्यासाठी' प्रार्थना करायचात. मला वाटायचं, नोकरीधंद्यासाठी परगावी गेलेत त्यांच्यासाठी. सगळ्यांत मोठ्याने आमेन मी म्हणायचे. वेडी कुठली!

मग काचबिंदूने तुमची नजर नेली, तुम्ही निवृत्त झालात, आणि खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंच वाटलं. इतकी वर्षं तुम्ही मंडळीचे होतात, आता माझे झालात. संध्याकाळचा अध्याय मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. कंटाळून मी एखादी ओळ गाळली की तुमची काठी फरशीवर वाजलीच म्हणून समजायचं. त्याच सुमारास तुम्ही महिन्यातून एकदा चर्चची राखण करणाऱ्या झुंबरकाकांचा हात धरून मनमाडला जायला लागलात. तिथे एकजण आजारी आहे, त्याला चर्चला येणं होत नाही, त्याला प्रभुभोजन द्यायचं, असं म्हणालात. मी हौसेने रसाची बाटली भरून द्यायचे, वर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचे. तुम्ही खोटं बोलला नाहीत. कोण आजारी आहे हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही, एवढंच.

जानेवारीत ती बाटली परत आली तेव्हा तिचं झाकण तडकलेलं होतं आणि त्याच्यावर वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काठाला काठ जुळवून, आणि शेवटचं टोक थोडं दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. असं टोक दुमडून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितलाय. आपल्या मिक्सरच्या वायरीवर त्याची तशी पट्टी अजून आहे. मोरीपाशी उभी राहून मी ते टोक ओढलं, आणि तुमचा आजारी माणूस कोण ते मला कळलं. झुंबरकाकांना विचारलं तर ते उगाच चप्पल शोधायला लागले. मग म्हणाले, "ताई, साहेबांनी सांगू नको म्हनलं व्हतं. ती बाई गेली ना त्याला सोडून. कावीळ झाली व्हती, पानी द्यायला कोन नव्हतं. मी तरी काय करनार?"

पप्पा, दीपकने मला फसवलं तेव्हा निदान तो घर सोडून तरी गेला होता. तुम्ही रोज सकाळी माझ्या हातचा चहा पीत होतात. माझ्या हातचा रस नेऊन त्याच्या ओठांना लावत होतात, आणि घरी येऊन 'सरू, चटणी छान झाली होती' म्हणत होतात. ती चटणी कोणी खाल्ली, पप्पा? जगातल्या कोणीही केलं असतं तर मी सोसलं असतं. तुम्ही करायला नको होतं.

त्या दिवशी मी ओरडले, आणि तुम्ही शांतपणे हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढलीत. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाच्या मागे जातो, सापडलं की खांद्यावर घेऊन येतो, आणि स्वर्गात आनंदीआनंद होतो. अहो, ती गोष्ट मी तुमच्या मांडीवर बसून ऐकली आहे. रविवारच्या शाळेत कापसाची मेंढरं फळ्यावर चिकटवून मीच ती पोरांना शिकवली आहे. पण पोरांनी कधी विचारलं नाही ते मी तुम्हाला विचारलं. त्या नव्याण्णवांना तो कुठे सोडून गेला? कुंपणात नाही, रानात सोडून गेला. मेंढपाळ गेल्यावर त्या रानात त्यांचं काय झालं? सृष्टी तापाने फणफणायची आणि मी एकटी तिला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचे, ते रानच होतं. तुम्ही म्हणालात, "सरू, जे राहतात त्यांच्यावर त्याचा भरवसा असतो." वा रे भरवसा! म्हणजे जो पळाला त्याला खांदा आणि जी राहिली तिला भरवसा. मग राहा तिकडेच त्याच्याकडे, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही झुंबरकाकांना बोलावलंत आणि खरंच बसमध्ये जाऊन बसलात. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत याल.

गेल्या महिन्यात नव्या पाळकसाहेबांनी त्याच्या पुढची गोष्ट घेतली, नाणं हरवलेल्या बाईची. ती दिवा लावते, घर झाडते, आणि सापडेपर्यंत शोधते. मी माझ्या बाकावर बसून ऐकत होते, डोक्यावर तो पंखा. मनात आलं, मेंढरू निदान रानात जाऊन हरवतं. नाणं घरातल्या घरात हरवतं. ते कुठे गेलेलं नसतं, तिथेच कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेलं असतं, म्हणून ते हरवलंय हेही कोणाच्या लक्षात येत नाही. पप्पा, मी घरातच होते. माझ्यासाठी दिवा कोणी लावला? एवढंच मला तुम्हाला विचारायचं होतं, बाकी सगळं रागाच्या भरात बोलले. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडले. रडून झाल्यावर झाडू घेतला आणि तुमची खोली झाडून काढली, पलंगाखालून, कपाटामागून, सगळी. का झाडली ते मला सांगता येत नाही.

आता फोन न करण्याचं खरं कारण सांगते. तुम्हाला वाचता येत नाही, आणि त्या खोलीत हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणारा एकच माणूस आहे. दीपक, इथून पुढचं मनातल्या मनात वाचू नकोस, आत्तापर्यंत वाचलंस तसंच मोठ्याने वाच. गाळलेली ओळ पप्पांना लगेच कळते. तू माझं काय केलंस ते एकदा तुझ्या तोंडून निघायला हवं होतं, ऐकायला मी तिथे नसले तरी. मी तुला माफ केलेलं नाही, आणि पप्पा ऐकताहेत म्हणून केलं असं खोटं लिहिणार नाही. पण पप्पा मला घरी हवेत. रविवारी ईस्टरची, पुनरुत्थानाची उपासना आणि प्रभुभोजन आहे, त्यांना घेऊन ये. चर्चच्या पायऱ्यांना धरायला काही नाही, तेव्हा त्यांचा डावा हात तू धर, उजवा मी धरीन. पप्पा, यंदाचा रस जरा आंबट झालाय, तो तुम्ही रविवारीच चाखा. मी तुमच्या शेजारी गुडघे टेकणार आहे. पेला तुमच्याकडून माझ्याकडे येईल, आणि माझ्याकडून पुढे कोणाकडे तरी जायलाच हवा. दीपक, माझ्या दुसऱ्या बाजूची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवणार नाही, पण तिथे दुसऱ्या कोणाला येऊही देणार नाही. कुठे गुडघे टेकायचे ते तुझं तू ठरव.

पप्पा, मी तुमचीच,
सरू