आमच्या गच्चीवरचा फुगा

ती. वहिनींस,

वाकून नमस्कार. (गुडघे वाकू देत नाहीत, तेव्हा तो कागदावरच पोचला असं मानावं.) तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली हे भाऊजींच्या फोनवरून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? ते काम भाऊजींवर सोपवू नका. ते बऱ्या डोळ्यात घालतील आणि घातले म्हणून निर्धास्त बसतील. आता सुई पहिल्या झटक्यात ओवता येते असं तुम्ही म्हणालात म्हणे. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे तुमचं तुम्हाला वाचता येईल.

फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही अर्ध्यात फोन भाऊजींकडे देता, भाऊजी दोनदा ‘बरं, बरं’ म्हणतात आणि बोलणं संपतं. शिवाय ह्यांचं म्हणणं, घराच्या गोष्टी लेखी असाव्यात. मी लिहायचं आणि ह्यांनी तपासायचं असं ठरलं आहे. (शाळेतून निवृत्त झाले तरी लाल पेन निवृत्त झालेलं नाही. आत्ता समोर बसले आहेत आणि हा कंस त्यांना पसंत नाही.)

घरी सगळं ठीक. तुमची वरची खोली तुम्ही ठेवून गेलात तशीच आहे, कुलूपही तेच. भिंतीची ओल सरकत सरकत तुमच्या कपाटाच्या पाठीपर्यंत आली, म्हणून कपाट पुढे ओढून घेतलं आणि छताच्या गळतीखाली बादली ठेवली. स्वयंपाकघराची पायरी अजून तशीच उंच आहे. मी पुढच्या खोलीच्या खिडकीत मशीन मांडून बसते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोणाचं पोट सुटलं तर शिवण उसवून कापड मोकळं करणं, अशी कामं येतात. समोरच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीमुळे दुपारनंतर काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, म्हणून काळे कपडे सकाळी घेते. गिऱ्हाइकांना आता ते पाठ झालं आहे. परवा एकजण निळी पँट घेऊन आला आणि दारातूनच विचारू लागला, निळ्याची वेळ काय.

तर तो बर्फाचा कारखाना. बंद पडून किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊकच आहे. मध्यंतरी त्याच्या फाटकावर नगररचना कार्यालयाची सूचना लागली. आपल्या गल्लीत दोन मजल्यांपेक्षा उंच बांधता येत नाही. आता तेवढ्या कारखान्याच्या जागेचा झोन बदलून तिथे सात मजल्यांना परवानगी द्यायचं घाटत होतं. जागा एका बिल्डरने आधीच घेऊन ठेवली होती. कोणाची हरकत असेल तर कळवा, कोणाला आपल्याही जागेसाठी उंची हवी असेल तर तेही कळवा, असं सूचनेत लिहिलं होतं. हे ती सूचना वाचून घरी आले आणि खुर्चीत न बसता खिडकीपाशी उभे राहिले. या खिडकीत ह्यांच्या आईने गहू निवडले, मी शिवण शिवली, समोर सात मजले आले तर इथे दिवसाही दिवा लावावा लागेल, असं म्हणाले. (मी दिवा दुपारी लावतेच. पण ते बोलत होते म्हणून मी बंद केला.)

कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे बैठक झाली. डॉक्टरांचं मत असं की प्रत्येकाने एका ओळीची हरकत लिहून द्यावी: आम्हाला सात मजले नकोत. ह्यांना ते पोरकट वाटलं. सात मजले म्हणजे काय हे डोळ्यांना दिसल्याशिवाय कोणालाही कळणार नाही, असं ह्यांनी सांगितलं आणि फुग्याची कल्पना मांडली. मोठा फुगा हलका गॅस भरून सातव्या मजल्याच्या उंचीवर सोडायचा, म्हणजे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना इमारत कुठवर येईल ते दिसेल. कुठल्याशा शहरात असा फुगा लावल्याचा फोटो ह्यांनी वर्तमानपत्रात पाहिला होता. तो कोणी आणि कशासाठी लावला होता तेवढं वाचायचं राहिलं होतं, कारण पुढची बातमी पान पाचवर होती आणि पान पाचवर मी मशीनचं तेल पुसलं होतं. (हा दोष माझा आहे असं ह्यांनी आत्ता पुन्हा सांगितलं.)

पुढचे काही दिवस घरात फुग्याशिवाय विषय नव्हता. फुगा पिवळा, गाडीच्या शोरूमवर असतो तेवढा. ह्यांनी दोरीला मजल्यागणिक एकेक गाठ मारली. बिल्डर कारखान्याच्या फाटकातून आत घेईना, तेव्हा फुगा आपल्याच गच्चीवरून सोडायचा ठरला. गल्ली अरुंद आहे, उंची इकडून मोजली काय नि तिकडून मोजली काय, सारखीच. आपलं घर दोन मजली, म्हणून खालच्या दोन गाठी जिन्यात लोंबत ठेवल्या आणि वरच्या पाच आकाशात सोडल्या. हिशेबात ह्यांची चूक कधी होत नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. हिशेब अगदी बरोबर होता. फक्त जागा दुसऱ्याची असायला हवी होती.

पहिला धक्का गल्लीनेच दिला. लोक माना वर करून बघायला आले आणि बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. सात मजले म्हणजे त्यांना काहीतरी राक्षसी वाटत होतं. वर तर एक पिवळा ठिपका छान डुलत होता. हरकतीवर सही केलेल्या शेजारीणबाई “एवढंच होय?” म्हणून परत गेल्या. मुलं खूश. डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या रोग्यालाही तो खिडकीतून दिसे, त्यामुळे दुखणं कमी जाणवतं असं डॉक्टरांनीच सांगितलं. हे ऐकून ह्यांनी फुग्यावर काळ्या रंगाने काहीतरी भीतिदायक काढायचं मनात आणलं होतं, पण तो खाली उतरवायचा तर गॅस जाणार.

पाहणीच्या दिवशी वारा होता. दोरी कठड्याला बांधली तर घासून तुटेल म्हणून हे स्वतः ती हातात धरून गच्चीवर उभे, आणि गल्लीच्या वतीने बोलायचं ठरलेले डॉक्टर ऐन वेळी कोणाच्या तरी अक्कलदाढेत अडकलेले. अधिकारी बाई आल्या तेव्हा खाली मी एकटी. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. त्या दमलेल्या होत्या, सकाळपासून उन्हात फिरत होत्या. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. हा फुगा तुमचा का? मी म्हटलं, आमचा. ही जागा तुमची का? मी म्हटलं, आमची, अर्धी थोरल्या दिरांची. फुगा किती मजल्यांवर आहे? मी म्हटलं, बरोबर सात. त्यांनी नकाशावर खूण केली, “असं नीट दाखवणारे लोक फार कमी भेटतात” असं म्हणाल्या आणि गेल्या. वहिनी, मी एका जरी प्रश्नाला खोटं उत्तर दिलं असतं तरी आपण वाचलो असतो.

त्या कार्यालयाची रीत आम्हाला मागाहून कळली. हरकत घेणाऱ्याने नुसतं लिहून द्यायचं असतं. फुगा लावायचा तो ज्याला आपल्या जागेवर उंची हवी आहे त्याने. ह्यांचा अर्ज अकरा परिच्छेदांचा होता आणि विषयात भांडण दिसू नये म्हणून ह्यांनी विषय ‘उंचीबाबत’ एवढाच ठेवला होता. खाली आपल्या घराचा पत्ता. अकरा परिच्छेद कोणी वाचले असतील असं मला वाटत नाही. डॉक्टरांची एक ओळ मात्र वाचली गेली. सुनावणीत निकाल सांगितला तो असा: बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर रहिवाशांच्या हरकती आल्याने तिथे दोनच मजले. समोरच्या घराच्या जागेवर, म्हणजे आपल्या, मालकांच्या मागणीवरून सात. उंचीचं प्रात्यक्षिक समाधानकारक. ‘समाधानकारक’ हा शब्द ऐकून हे क्षणभर सुखावले. जन्मभर त्यांनी तो शेरा दुसऱ्यांना दिला. त्यांना तो पहिल्यांदाच कोणीतरी दिला होता. पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा उतरला. बिल्डर मागच्या रांगेतून उठून आला आणि ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, “मास्तर, हे आमच्या लोकांना जमलं नसतं.”

डॉक्टर त्या दिवसापासून बोलत नाहीत. बोलले ते एकदाच, जाता जाता, “मास्तर, आधी कानावर घातलं असतं तर मीही एक फुगा लावला असता.” आपण हे सगळं ठरवून केलं असं त्यांच्या मनात बसलं आहे. ह्यांच्या दाढेत त्यांनी तात्पुरतं भरून ठेवलेलं सिमेंट अजून तसंच आहे. पक्कं करायला जायचं कोणत्या तोंडाने, म्हणून हे एकाच बाजूने जेवतात. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. बिल्डर मात्र येऊन गेला. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला, नकाशा माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरला, आणि आपलं घर पाडून त्या जागी काय उभं राहील ते ह्यांना समजावत राहिला. हे भिंतीकडे बघत होते. मी त्याच्या पँटच्या उसवलेल्या दुमडीकडे. शेवटी ती मीच घालून दिली, कारण माणूस कसाही असला तरी तसं रस्त्यावर जाणं बरं दिसत नाही.

ह्यांनी निकालावर स्वतः हरकत घेऊन पाहिली. ती घेतली गेली नाही. ज्याने मागितलं त्यालाच आता नको कसं, असं तिथे म्हणाले. पण नियम असा आहे की जागेत वाटा असलेल्या दुसऱ्या मालकाने लेखी हरकत घेतली तर बदल रद्द होतो. तो दुसरा मालक म्हणजे भाऊजी. सोबत मसुदा जोडला आहे, ह्यांनीच लिहिला आहे. (यावेळी विषय स्पष्ट आहे.) भाऊजींनी खाली सही करून महिनाअखेरीच्या आत कार्यालयात पोचेल असा पाठवावा, एवढी विनंती. ह्यांचा जीव या घरात आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. भाऊजींच्या खोकल्याला आराम पडो आणि तुमच्या डोळ्याला सगळं लख्ख दिसो.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. सही निळ्या शाईने करावी, तारीख घालावी आणि भाऊजींनी ‘नंतर करू’ म्हणून कागद वर्तमानपत्राखाली ठेवू नये, असं ह्यांनी लिहायला सांगितलं आहे. विजेच्या अर्जाच्या वेळी काय झालं त्याची आठवणही द्यायला सांगितली आहे. दिली.

ता. क. २. हे मोठं पाकीट आणायला गेले आहेत, कारण मसुदा लहान पाकिटात मावत नाही. वहिनी, यापुढचं मोठ्याने वाचू नका.

बिल्डरने पसरलेल्या नकाशात पाचव्या मजल्यावर कोपऱ्याचं एक घर आहे. दोन बाजूंना खिडक्या. समोर कारखाना, आणि तो तर आता दोन मजल्यांच्या वर जाणार नाही, डॉक्टरांच्या कृपेने. मी त्याला विचारलं, उजेड किती वेळ राहील? तो म्हणाला, दिवसभर, बाई. जिन्याशेजारी लिफ्ट आहे. स्वयंपाकघराला पायरी नाही, हे मी बोट ठेवून दोनदा विचारून घेतलं. शेजारचं तसंच घर तुमच्या वाट्याचं. तुम्ही हे घर सोडून गेलात तेव्हा मागे वळून बघितलं नाहीत, याचा मला तेव्हा राग आला होता. पुढे ती पायरी माझ्या एकटीच्या वाट्याला आली तेव्हा तो गेला.

ह्यांच्या तोंडावर मला हे बोलता येत नाही. बोलायला गेले की ते खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. तेव्हा भाऊजींना सही करू नका असं मी सांगणार नाही. त्यांना फक्त आठवण करू नका. कागद वर्तमानपत्राखाली ठेवायची त्यांची सवय आहे, ती यावेळी कोणी मोडू नये. महिना उलटला की बदल कायम होईल, आणि मग बिल्डरला ह्यांना एकट्याने फार दिवस अडवता येणार नाही. ह्यांना वाईट वाटेल हे मला कळतं. पण भाऊजींवर रागावण्यात ह्यांचं निम्मं आयुष्य सुखात गेलं आहे, त्यात एका कारणाची भर पडेल. आणि पाचव्या मजल्यावर गेल्यावर ते खिडकीपाशी उभे राहिले तर राहोत. तिथून काहीतरी दिसेल तरी.

ता. क. ३. हे पाकीट घेऊन आले. पत्र पुन्हा तपासायला मागत होते, मी घडी घातली. फुग्यातला गॅस गेला. दोरी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर बांधली आहे. गाठींमुळे चिमटे सरकत नाहीत. पाचव्या गाठीपाशी मी काही वाळत घालत नाही. का, असं ह्यांनी विचारलं होतं. तिथे ऊन चांगलं येतं, असं सांगितलं. त्यांना उत्तर पटलं नाही, पण त्यात चूकही सापडली नाही.