राहिलेली जोड

पोलीस लाईन, अहिल्यानगर
२८ मार्च २०२५

तीर्थरूप आबा,

मोनिकाचा पाया पडून नमस्कार. मी बरी आहे, डबा वेळेवर खाते, उकाडा मिरजगावाइतकाच आहे. आईची कंबर कशी आहे? कांदा काढून झाला का? सीमावहिनीला म्हणावं, शेंगदाण्याची चटणी संपली, दादा नगरला आला की पाठवून दे.

एवढं विचारायला कुणी कागद घेऊन बसत नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. विषय निघाला की "बरं बरं, ठेवतो" म्हणता, आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे अर्धी आळी ऐकते. म्हणून लिहिते आहे.

दादानं फ्लेक्सचा फोटो पाठवला. त्यावरचा माझा फोटो कुणी निवडला? बॉक्सर कसली, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं बसलेली पोरगी दिसतेय. खाली लिहिलंय, 'सदा अजिंक्य मोनिका, निवृत्तीनिमित्त जाहीर सत्कार'. आबा, जिची निवृत्ती आहे तिला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही का? आणि तारीख तेरा एप्रिल. त्याच दिवशी इथे राज्य स्पर्धेची फायनल आहे. माहीत नव्हतं असं म्हणू नका, कारण माझ्या कोचनी, नितीनसरांनी, काल सगळं कबूल केलं. त्यांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, "तिचं नाव देऊ नका. न हरता उतरू द्या." मला भयंकर राग आला. अजून उतरलेला नाही.

सरांनी फोन का केला ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐका. वर 'बरी आहे' लिहिलं ते तितकंसं खरं नाही. गेल्या आठवड्यात सरावात काष्टीच्या आरतीनं मला खाली बसवलं. एकोणीस वर्षांची पोरगी, डावखुरी. बरगडीखाली एकच ठोसा, आणि माझे दोन्ही गुडघे टेकले. तीच बिचारी घाबरून "ताई, लागलं का?" करत राहिली. मी हसून उठले. मी एकोणतीस वर्षांची आहे. फायनलला बहुतेक तीच समोर येणार आणि ती मला हरवू शकते.

म्हणून तुम्ही माझी तारीख काढलीत. आजोबांनी तुमची काढली होती तशी.

हे लिहावं का नको म्हणून मघापासून चटणीबिटणी लिहीत बसले होते. आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. आमच्या आबांची पाठ कुणी मातीला लावली नाही, हे ऐकतच मी मोठी झाले. पण जत्रेच्या हगाम्यात तुम्ही शेवटची कुस्ती कधीच बघत नाही. हलगीचा जोर वाढला की धोतर झटकून उठता, म्हशीची धार काढायची म्हणता. म्हशी विकून जमाना झाला, आबा. मागच्या जत्रेला खर्ड्याचे रखमाजीकाका माझ्या शेजारी होते. तुम्ही उठून गेलात तसे ते म्हणाले, "तुझा बाप लई चांगला पैलवान. आमची जोड तेवढी राहिली."

मी घरी येऊन आईला विचारलं. ती हसतच सुटली. म्हणाली, लग्न जत्रेनंतर धरलं होतं. पण रखमाजीशी शेवटची जोड ठरली आणि आजोबांनी घाईनं तारीख अलीकडे ओढली. हगाम्याच्या दिवशी तुम्ही हळद लावून मांडवात. हळद लागलेला नवरदेव घराबाहेर पडत नाही, मग आखाड्यात कोण उतरणार? पुढं लंगोट खुंटीला गेला तो गेलाच. झालात अजिंक्य.

मी तुम्हाला भित्रा म्हणत नाही. तारीख तुम्ही काढली नव्हती. पण रखमाजीकाका किती वेळा हरले ते मिटक्या मारत सांगतात, कुणी कुठल्या डावावर घातलं, तोंडात किती माती गेली. माणसं भोवती जमतात. तुमच्याकडे एकच वाक्य आहे. ते बोलून झालं की तुम्ही गप्प होता. मला ते वाक्य नको.

न हरता निवृत्त होता येतं का? येतं की. आपल्याला पाडणारा समोर यायच्या आत उठून जायचं, झालं. मी उठणार नाही. फायनलसाठी, म्हणजे अख्ख्या स्पर्धेसाठी, नाव मी स्वतः दिलंय. सत्कार रद्द करायला लाज वाटत असेल तर त्या फोटोचाच करा, शालही त्यालाच घाला.

आणि तेराला सकाळी इकडे या. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवते. आरतीनं मला पाडलं तरी मध्येच उठायचं नाही.

आईला नमस्कार.

तुमचीच, हे पत्र टपालात पडेपर्यंत तरी न हरलेली,
मोनिका


मिरजगाव
७ एप्रिल

मोने,

तुजं पत्र पोचलं. आधी तुझ्या आईनं वाचलं, मग सीमानं, मग माझ्या हातात आलं. लई राग आला. कुनाशी धड बोललो न्हाई. जेवन बी गोड लागंना. मग काल एसटी धरली आन खर्ड्याला गेलो.

रखमाजी वावरात पानी देत हुता. त्याला म्हनलं, आपली जोड राहिलीय न्हवं? तो म्हनला, माझ्या गुडघ्याला पट्टा हाय. म्हनलं, माझ्या बी हाय. नांगरलेल्या रानात उतरलो. त्याच्या सुनेनं मोबाईलवर हलगी लावली. सलामी झाली, आन त्यानं मला पैल्याच झटक्याला पाठीवर घातला. तुझ्या बापाची पाठ लागली, मोने. मला उठवताना तो बी खाली बसला. मग दोघं बी हसलो. मी थोडा रडलो बी, ते आईला सांगू नको.

फ्लेक्स उतरवून कांद्यावर झाकायला घातलाय. तेराला येतो. संगं रखमाजी हाय, त्याला बी खुर्ची धर. कुनी उठनार न्हाई.

आता घरात न हरलेली तू एकलीच. बिनघोर खेळ. हरलीस तर जोडीला मी हाय.

तुजा,
पाठ लागलेला बाप