बंद पडली नाही, थांबवली

आदरणीय नामदेवराव यांस,
उत्तमचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा जिना चढू देतो की नाही आणि नांदेडला नळाला पाणी कधी येतं, ते सविस्तर कळवा. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, आमचा अनिरुद्ध मजेत आहे, आणि माझा आवाज अजूनही माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नरम होती ती फक्त माझी जुनी मोटारसायकल.

गेल्या महिन्यापासून ती थोडं अंतर गेली की खोकून बंद पडायची. मी प्लग घासला, कार्बोरेटर उघडून पुन्हा जोडला (एक स्प्रिंग उरली, पण तिच्यावाचून काही अडलं नाही, तेव्हा ती मुळातच फालतू असावी). रस्त्यात जमणारे सल्लागार वेगळेच. एक म्हणे, "चचा, गाडी को लिटाके उठाओ." दुसरा, "नक्को चचा, चोक खींचो." नारायणगुड्याला एकाने तर नजर लागली म्हणून लिंबू बांधायला सांगितलं. त्याला मी भर रस्त्यात उभं राहून कार्यकारणभाव समजावला. (तो शेवटी गाडी ढकलू लागला, याला मी प्रबोधनच मानतो.)

अनिरुद्धचा मात्र धीर सुटला. त्याने माझ्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर आणून दारात लावली आणि निकाल दिला : रविवारी आईला मागे बसवून नामपल्लीच्या सभेला तुमच्या त्या जुन्या गाडीवरच जा, वाटेत एकदा जरी बंद पडली तर सोमवारी भंगारवाला येईल. साक्षीदार म्हणून तुमची बहीण नेमली, कारण ती खोटं बोलत नाही (माझ्या भाषणांबद्दल विचारलं तरीही). नामदेवराव, जुनं झालं की फेका, हा विचार आज यंत्राला लागू होतो, उद्या माणसाला होईल. मी आव्हान स्वीकारलं.

एक गोष्ट एव्हाना माझ्या ध्यानात आली होती. बंद पडलेल्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पुन्हा लावलं की ती सुरू होई. का, ते कळत नव्हतं. म्हणून रविवारी मी ती बंद पडण्याआधीच थांबवत गेलो. हिमायतनगरला चहा घेऊ म्हणालो आणि हळूच झाकण उघडलं. आबिड्सला तुमच्या बहिणीला चपला बघायच्या असतील असं मला वाटलं, पुन्हा झाकण. संसाराला इतकी वर्षं झाली, पण मी असं वाटेत थांबून तिला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं, मलाही नाही. सभेत "कारण न कळता केलेली कृती म्हणजे कर्मकांड" या विषयावर मी कडाडलो, टाळ्या घेतल्या, आणि बाहेर येऊन गुपचूप झाकण उघडून लावलं.

घरी अनिरुद्ध दारातच उभा. "आई, गाडी बंद पडली का गं?"

"बंद कशाला पडेल? ह्यांनीच थांबवली."

एक अक्षर खोटं नाही. स्कूटर आता अनिरुद्धच ऑफिसला नेतो.

सोमवारी मी ते झाकण उजेडात धरून नीट पाहिलं. त्याला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं; ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. मागच्या भेटीत तुम्ही एवढ्या मायेने गाडीला जे पॉलिश चोळलंत, ते नेमकं त्या छिद्रात जाऊन बसलं होतं. राग अजिबात नाही. मी टाचणीने साफ केलं आणि गाडी आता नामपल्लीपर्यंत एका दमात जाते. विवेकाचा विजय झाला.

मुलाबाळांना आशीर्वाद.

आपला,
उत्तम

ता.क. परवा पुन्हा आम्ही दोघं नामपल्लीला निघालो. हिमायतनगर मागे पडलं, आबिड्स मागे पडलं, गाडी कुठे अडखळली नाही. तुमची बहीण घरी परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ता.ता.क. ते पॉलिश नांदेडला कुठल्या दुकानात मिळतं? एक मोठी डबी पाठवून द्या. कारण नसताना थांबणं माझ्या तत्त्वात बसत नाही.