धाकट्याच्या नावावरचे वाक्य

२१ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. तू खुशाल असशील असे गृहीत धरते; दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. इकडे पुढच्या खोलीची खिडकी एकदाची दुरुस्त करून घेतली. सुताराने चौकट तिरकी बसवली, म्हणून त्याला परत बोलावले. तुला हसू येईल. येऊ दे.

इंग्रजी-मराठी कोशाचे काम 'एस' अक्षरात आहे. सध्या 'सॉफ्ट' हे विशेषण छळते आहे. इंग्रज माणूस उशी, आवाज, उजेड, माती, पाणी आणि मन या सर्वांना तोच एक शब्द लावून मोकळा होतो. आपल्याकडे उशी मऊ, उजेड सौम्य, माती भुसभुशीत. आणि साबणाला भरपूर फेस आणणाऱ्या पाण्यावरून माझे नि बाबांचे कडाक्याचे भांडण झाले. 'मृदू पाणी' हे पाठ्यपुस्तकातले. नळाखाली बादली लावताना तसे कोणी बोललेले तू ऐकले आहेस का?

बाबांचा नियम तोच आहे: प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य, आणि ते जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलेच हवे. टेबलाशी बसून रचलेले वाक्य म्हणजे खोटे नाणे. तुला हे मी सांगायला नको. तू रचलेली वाक्ये त्यांनी जेवताना मोठ्याने वाचली, "ही माणसं राहतात कुठे? पत्ता दे," म्हणाले, आणि तू भरल्या ताटावरून उठलास तो गेलासच. ती वाक्ये कृत्रिम होती, हे माझे मत आजही कायम आहे. जेवत्या माणसाला मात्र ताटावरून उठवू नये.

'सॉफ्ट'ची वाक्ये या वेळी बहुतेक घरातच मिळाली. 'मऊ' नर्सबाईंकडून: "आजोबा, चावायचं कामच नाही, अगदी मऊ केलंय. आ करा बघू." 'हळू' डॉक्टरांकडून, जिन्यात: "जरा हळू बोलू या, त्यांना ऐकू जाईल." त्यापुढे ते जे बोलले त्याची कोशाला गरज नाही. बाबांचे दुखणे हाडांत उतरले आहे, एवढे तुला पुरे.

अडले ते एका अर्थापाशी: ताठा सोडलेला, नरम पडलेला. दुपारी मी बाबांना नोंदी वाचून दाखवते. त्या अर्थाखाली जागा मोकळी होती.

"वाक्य कुठंय?" बाबा.

"मिळालं नाही."

"एवढ्या वर्षांत या घरात कुणीच नरम पडलं नाही म्हणायचं!" ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची कळ झाली. कळ ओसरल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "धाकट्याचं काही पत्र?"

तेव्हा मी बोलले. का बोलले याचे विश्लेषण मी करणार नाही. मी म्हणाले, "आलंय ना. लिहितो, बाबांना सांग, आता मी नरम पडलोय, लवकरच येतो."

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग म्हणाले, "हेच घाल की. खाली लिही, धाकटा मुलगा." लगेच दाढी करवून घेतली. उशापाशी दुसरी खुर्ची आणवली आणि तिच्यावर माझी पुस्तके ठेवायला मला बंदी केली.

येथवर हे माझे आणि माझ्या सचोटीचे प्रकरण होते. आता तसे राहिलेले नाही. त्या दिवसापासून बाबा दुखण्याची सुई घेत नाहीत. सुईने गुंगी येते. तू आलास आणि ते झोपलेले असले तर? म्हणून दात आवळून जागे राहतात. बंद दाराआडून त्यांचे कण्हणे ऐकू येते. मी आत गेले की ते थांबते, कारण मला ऐकू द्यायचे नसते. काल नर्सबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठले. "ताई, दादा नक्की कधी येणार ते सांगा हो. नाहीतर येणार नाही म्हणून सांगून टाका. माझ्याच्यानं हे बघवत नाही."

येणार नाही असे मी सांगितले, तर ते सुई घेतील आणि झोपतील. हे मला दिसते. सांगण्यासाठी मी आज उजाडताच आत गेले होते. त्यांनी विचारले, "आला का?" आणि मी त्यांची चादर नीट करून बाहेर आले.

डॉक्टर जिन्यात म्हणाले होते, आठवडा. त्यातले काही दिवस मी हे पत्र सुरू करून फाडण्यात घालवले.

मी रचलेले वाक्य तू येऊन बोलावेस अशी अपेक्षा नाही. ते तुझ्या तोंडी शोभतही नाही. तू 'नरम' म्हणाला नसतास. कोशाच्या नोंदीतून मी ते काढले आहे, जागा पुन्हा मोकळी आहे. तू आल्यावर तुला सुचेल ते बोल. भांडायचे असेल तर भांड. फक्त त्या खुर्चीवर बसून बोल, आणि त्यांना ऐकू जाईल असे बोल. त्यानंतर ते सुई घेतील.

पुढच्या दाराला दिवसा कडी नसते. बेल वाजवू नकोस, तिच्या आवाजाने ते दचकतात. नुसता आत ये.

तुझ्या नावावर खोटे बोललेली,
ताई